पिंटू एकटा जातो

६ जानेवारी

कृषी केंद्रवाल्यांनी यांना दिलेली डायरी यंदाही कोरीच पडून राहिली असती. मी घेतली. ज्या गोष्टी तोंडातून निघत नाहीत त्या इथे लिहीन. बोलले की हे चिडतात. "तुले झाडाझाडामागं वाघच दिसते," म्हणतात.

आज संगीताताई परत आल्या होत्या. दिग्रसला त्यांचं केंद्र आहे. ज्यांची बुद्धी वयाच्या मागे राहिली, ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत, अशी मोठी झालेली मुलंमुली तिथे दिवसभर रोपवाटिकेत काम करतात. पिशव्यांत माती भरायची, बी लावायचं, पाणी द्यायचं. लोक येऊन शेवग्याची, पपईची, मिरचीची रोपं घेऊन जातात. पिंटूला पाठवा, असं त्यांचं म्हणणं.

माझा पिंटू एकतीस वर्षांचा आहे. कागदावर रवी, पण ते नाव घरात कोणी घेत नाही. दुसरीत असताना मास्तरांनी त्याला घरी आणून सोडलं, तेव्हापासून तो माझ्या नजरेसमोर आहे. वावरात जाताना मी बाहेरून कडी लावते. आत भाकर, पाणी, टीव्ही, सगळं ठेवून जाते. इतक्या वर्षांत त्याला साधं खरचटलंही नाही.

संगीताताई जाताना त्या कडीकडे पाहत होत्या. 

१३ जानेवारी

यांनी हो सांगून टाकलं. मला म्हणाले, "आपण गेल्यावर कोण लावीन त्याची कडी?"

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पण त्याचं उत्तर दिग्रसची रोपवाटिका कसं असेल, हे काही मला समजत नाही.

आज पहिला दिवस. मीच घेऊन गेले. गावाबाहेर पत्र्याचा शेड, पुढे हिरवी जाळी बांधलेली. एक मुलगा सारखा मान हलवत होता, एक बाई स्वतःशीच बोलत होती. मला भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. पिंटू माझ्या पदराला धरून उभा. तेव्हा एक मुलगी पाय ओढत आली. दिपाली तिचं नाव. बंजारा समाजाची, दारव्ह्याची, इथे मावशीकडे राहून केंद्रात येते. वय पंचवीस-सव्वीस असेल. उजवा हात आखडून छातीशी धरलेला, जीभ जड, पण डोकं चांगलं चालतं.

"तू बोटानं खड्डा कर," ती त्याला म्हणाली, "मी बी टाकतो. माह्या एकाच हातानं दोन्ही होत नाई."

पिंटूने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सोडला आणि मातीत बोट खुपसलं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी केवढ्या तरी पिशव्या लावल्या. घरी आल्यावर त्याने मला ते बोट धुवू दिलं नाही.

२७ जानेवारी

संगीताताई म्हणतात, आता त्याला एकट्याने यायला शिकवू. मी म्हटलं, ते होणार नाही.

पण शिकवणं सुरूही झालं. आमच्या फाट्यावरून सेवादासची काळीपिवळी जाते. सेवादास पलीकडच्या तांड्यावरचा, माणूस भला आहे. पण जीपमध्ये बाकीचे कोण असतात, कोणाला माहीत? संगीताताई रोज त्याच्याकडून घोकून घेतात, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं. तो घरीही म्हणत बसतो. "रवी. पुंडलिक. गाव बोरगाव."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली. पिंटू घाबरला की रडत नाही, हसतो. कोणी आवाज चढवला की तोंडभर हसू येतं त्याला. अनोळखी माणसाला वाटतं, हा आपली टिंगल करतो. त्या म्हणाल्या, लक्षात ठेवू. त्यांनी लक्षात ठेवून काय होणार? जगाने लक्षात ठेवायला पाहिजे.

५ फेब्रुवारी

आज तो एकटा गेला. म्हणजे त्यांना वाटलं एकटा. मी मागच्या ऑटोने गेले, केंद्राच्या अलीकडे उतरून पाहिलं. तो उतरला, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला, आत गेला. तो दिसेनासा झाल्यावरही मी तिथेच उभी होते.

१० फेब्रुवारी

रोज मागे जाते आहे. वावरातला हरभरा सोंगायचा राहिला. आज सेवादासने मला गाठलं.

"काकू, तुमी कायले रोज मागून येऊन राह्यल्या? त्याले मालूम हाये."

"कोणाले?"

"पिंटूले. त्यानंच सांगतलं मले. म्हणे, आई मागून येते, तिले एकटीले भेव वाटते."

उद्यापासून जात नाही. म्हणजे प्रयत्न करते.

१९ फेब्रुवारी

केंद्रात काहीतरी गडबड आहे. पिंटू उपाशी येतो. आल्याआल्या भाकर मागतो, दोन-दोन खातो. मी डब्यात चार पोळ्या देते, पोट भरायला पाहिजे. खिशात बोरं भरून नेतो, येताना खिसे रिकामे. कोणीतरी हिसकावून घेत असणार. तो सांगणार नाही, त्याला सांगता येत नाही.

फोन केला तर संगीताताई म्हणाल्या, "हिसकावत नाही कोणी. वाटून खातो तो."

"कोणासोबत?"

"इंदुताई, ते तुम्ही त्यालाच विचारा ना."

त्याला विचारलं तर लाजल्यासारखा खाली पाहत बसला. मार पडत असेल का? अंगावर खूण नाही. निळा शर्ट सोडून दुसरा घालायला तयार नाही, तो मी एक दिवसाआड धुते. दाढी पण रोज करून मागतो यांच्याकडून. ऊन वाढलं, खाजत असेल.

३ मार्च

आज तो जेवला नाही.

केंद्रातली ती दारव्ह्याची दिपाली आता येत नाही म्हणे. बाप येऊन घेऊन गेला. नातेवाइकांनी काही कान भरले असतील, मुलगी परक्या गावात, चार पुरुषांत बसते वगैरे. संगीताताई फार नाराज वाटल्या. मला मात्र तिच्या घरच्यांचं पटलं. पोरीची जात, डोळ्यांसमोर असलेली बरी.

पिंटूला बहुतेक कसर आहे. अंग गरम लागत नाही, पण डोळे उतरलेत.

६ मार्च

डॉक्टरने तपासलं, ताप नाही. मी देवीचा अंगारा लावला. केंद्रात जातो, पण तिथे नुसता फाटकाजवळ बसून राहतो म्हणे. घरी आला की एकच शब्द. दारव्हा. यांना विचारतो, दारव्हा कुठं. सेवादासला विचारतो, दारव्हा कुठं. त्याला काय आहे दारव्ह्यात? लहानपणी एकदा बाजाराला नेलं होतं, पाळण्यात बसवलं होतं. तीच आठवण आली असेल.

१० मार्च

सगळीकडे मुलं पळवणाऱ्या टोळीची बोंब आहे. यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. एका माणसाला खांबाला बांधलेलं, तोंड सुजलेलं, आणि खाली लिहिलंय की लेकरं सांभाळा. कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. पण गावातली पोरं चावडीजवळ काठ्या घेऊन बसायला लागली. मी पण गल्लीतल्या लेकरांना दम देऊन घरात पिटाळलं. असल्या माणसांना सोडू नये.

पिंटूलाही बजावलं, अनोळखी माणूस दिसला की पळत घरी ये.

१२ मार्च

जीप आली. पिंटू उतरला नाही.

सेवादास म्हणतो, सकाळी केंद्राजवळ उतरवला. संगीताताई म्हणतात, आज आलाच नाही, त्यांना वाटलं बरं नाही म्हणून घरी ठेवला. म्हणजे सकाळपासून. सकाळपासून पिंटू कुठेच नाही आणि मी इथे शेंगदाणे भाजत होते.

हे आणि सेवादास दिग्रसला गेले. मला म्हणाले, घरी थांब, परत आला तर. मी फोन समोर ठेवून बसले आहे. हात थांबू नये म्हणून लिहिते. विहीर. रेल्वे नाही इकडे, ते बरं. ट्रक. उन्हात पाणी कोण देईल. त्याला पाणी मागता येतं का? घरी त्याला कधी मागावं लागलंच नाही.

१४ मार्च

बाहेर धुळवड चालू आहे. पिंटू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजला आहे. ओठ फाटलाय, कानामागे सूज आहे, पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. हाड मोडलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

त्या दिवशी दिग्रसच्या बसस्टँडवर एका केळीवाल्याने यांना सांगितलं की निळ्या शर्टातला एक जाडा पोरगा यवतमाळच्या बसमध्ये चढला. दारव्हा, दारव्हा म्हणत होता. त्यानंतर थोड्याच वेळात पोलीस ठाण्यातून फोन आला. हे आणि सेवादास मला घ्यायला परत आले. वाटभर मी यांचा हात धरून होते. चारचौघांत असा हात कधी धरला नव्हता.

ठाण्यात बाकावर पिंटू बसला होता. माझं पोरगं हसत होतं. दातांना रक्त लागलेलं आणि हसत होतं.

त्याच्या शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारे बसले होते, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. त्यांच्या गावात त्यांना सगळे बापूजी म्हणतात. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. पिंटू दारव्ह्याच्या अलीकडच्याच गावात उतरला. पाण्याची टाकी दिसली म्हणून उतरला, असं तो घरी आल्यावर सांगत होता. टाकीचं काय, मला कळलं नाही. मग गल्लीगल्लीतून एकेका घराचं फाटक बघत फिरला. एका ओट्यावर लेकरं खेळत होती. त्याने खिशातली बोरं काढून एका चिमुकलीला दिली. कोणीतरी ओरडलं. पोरं जमली. नाव विचारलं, हा हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. मग एकाने कानाखाली मारली आणि मग कोण मारतो ते कोणी पाहिलं नाही.

"माह्या दारापुढंच चालू होतं," बापूजी म्हणाले. "मी जाऊन त्याच्याजवळ मातीत बसलो. म्हटलं, याले मारायचं अशीन तर आधी मले उचला इथून. माह्या वयाच्या माणसाले उचलाले कोणी पुढं होत नाई. बसून राह्यलो. पाणी मागवलं. मग हळूच इचारलं, बापू, तुहं नाव काय? तर पाठ केल्यासारखं सांगतलं त्यानं. रवी. पुंडलिक. गाव बोरगाव."

यांनी विचारलं, मारणारे कोण होते.

"नावं मी देतो साहेबाले," बापूजी म्हणाले. हातातली काठी खाली ठेवली. "माहा नातू होता त्याच्यात. त्याचं नाव आधी लिहा."

 मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले. ते म्हणाले, माह्या पाया पडू नको बाई, मले लाज वाटते.

मग पिंटू बोलला. ठाण्यात गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाला, "दिपाली."

साहेबांनी वर पाहिलं. "कोण दिपाली?"

"कोणी नाही साहेब," मी म्हटलं, आणि पिंटूच्या तोंडावर हात ठेवला. त्याचा ओठ दुखला असेल. पण लोक काय अर्थ काढतील? मुलगा पोरीच्या मागे लागून परगावी गेला म्हणतील. त्याला दोन्हीकडून मारतील. तो रोज ज्या मुलीसोबत बी लावायचा तिचं नाव त्याच्या डोक्यात बसलंय, एवढंच आहे ते.

कडी परत लावली. 

१८ मार्च

संगीताताई आल्या, माझ्यापुढे बसून रडल्या. मी त्यांना चहा दिला. पिंटू येणार नाही, असं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. एकटा जायला मी शिकवलं, दोष माझा आहे, म्हणाल्या. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल.

२५ मार्च

कडी लावायची गरज उरली नाही. आज मी विसरले, वावरातून आले तर दार सताड उघडं. मी धावत आत गेले. पण पिंटू आतच होता, पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत. दार उघडं दिसलं म्हणून घाबरून तिथे जाऊन बसला होता.

अंगणात येत नाही. संडासला जायचं तर हे सोबत लागतात. गल्लीत मोटरसायकल थांबली की हसायला लागतो. एकटाच, भिंतीकडे पाहून, हसतो. ते हसू मला ऐकवत नाही.

३० मार्च

गुढी उभारली. त्याला म्हटलं, चाल, पाया पड. उंबऱ्यापर्यंत आला, बाहेर चार माणसं पाहिली, मागे फिरला.

इतकी वर्षं मी देवाजवळ हेच मागत होते, की तो घरात राहो, कुठे जाऊ नये. आता तो घरात आहे. माझ्याहून जास्त तो घाबरतो. जे मी आयुष्यभर पोटात बाळगलं ते आता त्याच्या पोटात गेलंय, आणि मला ते बाहेर काढता येत नाही. यांचा तो प्रश्न आठवतो. आम्ही गेल्यावर हा त्या फटीत बसून राहील आणि कोणाला कळणारही नाही की आत माणूस आहे.

४ एप्रिल

दारव्ह्याला गेले होते. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. यांना म्हटलं, बहिणीकडे जाते.

बस त्या गावावरून गेली. रस्त्याला लागून पाण्याची टाकी दिसली. मी मान खाली घातली. दारव्ह्यात उतरले तर तिथेही तशीच टाकी. संगीताताईंनी पत्ता सांगितला होता, टाकीच्या मागे, निळं फाटक. तिथे उभी राहिले तेव्हा कळलं, तो काय शोधत होता.

दिपालीचे वडील धरमसिंग घरी होते, आई लालीबाई होती. मी कोण ते सांगितलं. धरमसिंग उठून आत गेले. लालीबाईने पाणी आणून दिलं.

"ऐकलं आमी," ती म्हणाली. "लय वाईट झालं. म्हणूनच तं म्हणतो ना बाई, पोरगी घरात बरी. तुमचा तं पुरुषगडी हाये, त्याले इतकं मारलं. माह्या पोरीले लोक काय करतीन?"

 मी म्हटलं, "मले पण हेच वाटत होतं. मी त्याले कडी लावून ठेवत होती. आता कडी नाई, तरी तो बाहेर येत नाई. कोपऱ्यात बसते. तुमची कशी आहे?"

 आतून कोणीतरी पाय ओढत आलं. दिपाली किती वाळली आहे. आईला म्हणाली, "याडी, खरं सांग ना. सांग, मी किती जेवतो ते."

मग माझ्याजवळ येऊन बसली. एकेक शब्द ओढून काढत होती. "टाकीची खूण मीच सांगतली होती त्याले. म्हटलं होतं, कधी येजो. माह्यामुळं मारलं त्याले." मग आईकडे वळली. "आन् मले कोणी इचारलंच नाई, तुले जायचं हाये का. माल भरल्यावानी आणून ठेवलं घरात."

आतल्या खोलीत धरमसिंग खाकरले.  लालीबाई पदराने डोळे पुसत होती आणि मी तिच्याकडे न पाहता भिंतीवरच्या सेवालाल महाराजांच्या फोटोकडे पाहत होते. शेवटी मीच म्हटलं, पोरीला परत केंद्रात पाठवा; दोघं हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. निघताना लालीबाई फाटकापर्यंत आली.

"तुमाले भेव नाई वाटत?" तिने विचारलं.

"वाटते," मी म्हटलं. "येताना बसमध्ये डोळे मिटून बसली होती."

घरी आल्यावर यांना खरं सांगितलं. हे म्हणाले, "मले माहीत होतं. तुह्या बहिणीचा फोन आलता दुपारी."

११ एप्रिल

सकाळी फाट्यावर न थांबता सेवादासची जीप आमच्या गल्लीत आली. मला वाटलं पोलीस. पिंटू फटीत शिरला.

जीपमध्ये पुढे दिपाली आणि लालीबाई. लालीबाई दिग्रसला बहिणीकडे राहायला आली आहे. म्हणाली, आठ-पंधरा दिवस पोरीसोबत स्वतः केंद्रात बसून पाहीन, मग ठरवीन. धरमसिंग अजून बोलत नाहीत म्हणे तिच्याशी.

दिपालीला जीपमधून उतरणं जड जातं. तिथूनच हाक मारली. "रवी. मिरचीची रोपं वाळून राह्यली."

आत काही हललं नाही.

"खड्डे कोण करीन? एका हातानं होत नाई मले."

हे दारात उभे, मी अंगणात, शेजारच्या बाया टकामका पाहत. मला वाटलं, होणार नाही, उगाच लोकांना तमाशा. मग तो आला. उंबऱ्यावर थांबला. गल्लीकडे पाहून त्याच्या तोंडावर ते घाबरलेलं हसू आलं, आणि दिपालीने त्याला ओरडून सांगितलं, "हासू नको, मीच आहो." तसं ते हसू गेलं.

माझा हात धरून जीपपर्यंत आला. हात इतका दाबला की बांगडी फुटली. मी पण बसले त्याच्यासोबत. वाटेत एक मोटरसायकल आडवी आली तेव्हा त्याने डोकं माझ्या मांडीत घातलं, एवढा मोठा माणूस. सेवादासने जीप बाजूला घेऊन थांबवली. नुसती वाट पाहिली. मग पिंटू वर उठून बसला.

दिवसभर मी आणि लालीबाई शेडच्या सावलीत बसून होतो. पिंटू बोटाने खड्डा करत होता, दिपाली बी टाकत होती. डबा उघडल्यावर त्याने आधी तिच्यापुढे पोळ्या ठेवल्या, मग स्वतः घेतल्या. लालीबाईने ते पाहिलं. मी पण पाहिलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

कामाची सवय आहे दोघांना. पुढचं मी लिहीत नाही. लिहिलं की मला त्याचीही भीती धरावी लागेल.

१६ एप्रिल

बापूजी आले होते केंद्रात. काठी टेकत, बसने. नातवावर केस झाली आहे, मुलगा आणि सून बोलत नाहीत, घरात वेगळं ताट वाढतात म्हणे. बापूजी काही हे सांगायला आले नव्हते. पपईची दोन रोपं पाहिजेत, म्हणाले. पिंटूने त्यांना ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण रोपं त्याने स्वतः निवडून दिली, मूळ हलू नये म्हणून खाली हात लावून. बापूजी निघेपर्यंत तो त्यांच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून, उभा राहिला.

२३ एप्रिल

आज फाट्यावर रोजच्यासारखी मी जीपमध्ये बसायला गेले तर पिंटूने माझ्यापुढे हात आडवा धरला.

"तू जाय," म्हणाला.

"कुठं जाऊ?"

"घरी. तू घरी जाय. मी जातो."

मी सेवादासकडे पाहिलं. तो आरशात पाहत होता. जीपमध्ये दोन अनोळखी माणसं होती, एकाच्या मांडीवर लहान मूल. मला त्या मुलाची भीती वाटली, लेकराची. पिंटूने त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत घातले. हे त्याला कोणी शिकवलं? त्याला हे शिकावं लागलं याचं रडू आलं मला. मी म्हटलं, "चाल सेवादास." जीप गेली.

घरी येऊन भांडी घासली, तूर निवडली. तीच तूर परत निवडली. संगीताताईंचा फोन आला, पोचला.  यायचं अजून बाकी आहे. रस्ता तोच आहे, लोक तेच आहेत, मोबाईलवर काल नवीन व्हिडिओ आला. यांनी मला दाखवला नाही, पण मी पाहिला.

ऊन उतरलं. हे सकाळपासून वावरात गेले नाहीत, ओट्यावर विळ्याला धार लावत बसलेत. विळ्याला आता धार लावायला काही उरलेलं नाही.

फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. इथून फाट्यापर्यंत गल्लीची दोन वळणं आहेत आणि मधे चावडी आहे, पोरं बसलेली असतील. यांचा हात थांबला. यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी लिहिते आहे. उठत नाही. त्याला रस्ता माहीत आहे.